रग्बीची नोकरी

गिरणीचं गाव म्हणजे काय, हे हिंगणघाटच्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही. एकोणिसाव्या शतकात इथला कापूस 'हिंगणघाट' याच नावानं विलायतेच्या बाजारात ओळखला जायचा, आणि पुढं मोहता मिलनं गावाला पाळी आणि पगार यांची सवय लावली. स्कॉटलंडच्या दक्षिणेला, इंग्लंडच्या सीमेलगत असाच एक गिरण्यांचा पट्टा आहे. त्याला बॉर्डर्स म्हणतात. हॉइक, गॅलाशील्स, सेलकर्क, जेडबरा, मेलरोझ ही तिथली गावं. आपल्याकडं कापूस, तिकडं लोकर, ट्वीड आणि स्वेटर. यातल्या हॉइकची वस्ती चौदा हजारांच्या आसपास. हिंगणघाटनं २०११ च्या जनगणनेतच लाखाचा आकडा ओलांडला होता. तरी त्या एवढ्याशा हॉइकनं स्कॉटलंडच्या राष्ट्रीय रग्बी संघाला पिढ्यान्‌पिढ्या खेळाडू पुरवले आहेत.

विदर्भाचा या भागाशी एक जुना धागाही आहे. नागपूरचं हिस्लॉप कॉलेज ज्यांच्या नावानं उभं आहे ते स्टीफन हिस्लॉप याच बॉर्डर्समधल्या डन्स गावचे. १८६३ मध्ये टाकळघाटची प्राचीन शिळावर्तुळं पाहून परतताना पूर आलेल्या ओढ्यात ते बुडाले. त्या वेळी रग्बीचा पहिला आंतरराष्ट्रीय सामनाही झालेला नव्हता. तो झाला २७ मार्च १८७१ रोजी एडिनबऱ्यात, एकेका बाजूला वीस-वीस गडी घेऊन, आणि स्कॉटलंडनं तो इंग्लंडविरुद्ध जिंकला.

आज स्कॉटलंडमध्ये रग्बी ही पगारी नोकरी आहे. ती मिळते कशी, पगार कोण देतं, किती वर्षं देतं आणि ती सुटल्यावर माणूस काय करतो, ते क्रमानं पाहू.

त्याआधी खेळाची थोडी ओळख. पंधरा विरुद्ध पंधरा, ऐंशी मिनिटं, लंबगोल चेंडू. हातानं चेंडू पुढं फेकायचा नाही, हा एक नियम पक्का लक्षात ठेवला की बाकीचा खेळ बराचसा आपोआप उलगडतो. पास फक्त मागं किंवा बाजूला द्यायचा. म्हणजे चेंडू पुढं न्यायचा तर एक तर पायानं मारा, नाही तर छातीशी धरून स्वतः घुसा. घुसणाऱ्याला समोरचा अडवून खाली पाडतो, तो टॅकल. समोरच्यांच्या शेवटच्या रेषेपलीकडं चेंडू जमिनीला टेकवला की ट्राय, त्याचे पाच गुण. त्यानंतर खांबांमधून चेंडू मारला तर आणखी दोन, आणि दंडाच्या किकचे तीन. कबड्डी पाहणाऱ्याला टॅकल लगेच कळेल. फक्त इथं चढाईपटू शंभरेक किलोचा असतो आणि पूर्ण वेगात पळत येतो.

पाठीवरचा आकडा हा इथं हौसेनं निवडलेला नसतो, तो कामाचा आकडा असतो. एक ते आठ हे फॉरवर्ड: धिप्पाड, ढकलणारे, चेंडू हिसकावणारे. नऊ ते पंधरा हे बॅक: पळणारे, किक मारणारे, डाव रचणारे. किरकोळ चुकीनंतर खेळ पुन्हा सुरू करताना दोन्हीकडचे आठ-आठ फॉरवर्ड एकमेकांत डोकी गुंतवून रेटा देतात, त्याला स्क्रम म्हणतात. त्यात तीन नंबरच्या प्रॉपवर सगळ्यात मोठा दाब येतो, कारण त्याच्या मानेच्या दोन्ही बाजूंना प्रतिस्पर्धी असतात. असा माणूस पंचविशीपर्यंत तयारच होत नाही. उशिरा पिकतो आणि तिशी उलटल्यावरही टिकतो. चौदा नंबरचा विंगर मात्र विशीतच चमकतो आणि पायातला वेग कमी झाला की मागं पडतो. तेव्हा कारकीर्द किती वर्षांची, याचं पहिलं उत्तर पाठीवर लिहिलेलं असतं. शरीराच्या मापाची मात्र फार चिंता करू नये. हॉइकचाच डार्सी ग्रॅहम हा विंगर जेमतेम पावणेसहा फूट उंचीचा आहे आणि स्कॉटलंडसाठी त्यानं ट्रायांचा रतीब घातला आहे.

पगाराची गोष्ट गिरणीपासून सुरू होते. उत्तर इंग्लंडातले गिरणी आणि खाण कामगार शनिवारी पाळी बुडवून खेळायला जात. बुडालेल्या मजुरीची भरपाई क्लबनं द्यावी, एवढीच त्यांची मागणी होती. खेळाच्या धुरिणांना तीही मान्य नव्हती; पैसा आला की खेळ बाटला, अशी त्यांची धारणा. ऑगस्ट १८९५ मध्ये उत्तरेकडचे क्लब फुटून निघाले आणि त्यातून रग्बी लीग हा वेगळा खेळ जन्मला. मूळचा खेळ रग्बी युनियन या नावानं हौशीच राहिला. त्यानंतर बरोबर शंभर वर्षांनी, ऑगस्ट १९९५ मध्ये, पॅरिसच्या बैठकीत त्यानं पगाराला दार उघडलं. कामगाराच्या एका शनिवारच्या मजुरीवरून शतकभर ताणून धरलेला हा हट्ट मला आजही समजत नाही.

या हट्टात स्कॉटलंडची संघटना सगळ्यात कडवी होती. त्यामुळं तिथल्या जुन्या नायकांचे धंदे वाचण्यासारखे आहेत. १९८४ मध्ये स्कॉटलंडनं शेजारी देशांबरोबरच्या वार्षिक स्पर्धेतले सगळे सामने जिंकून ग्रँड स्लॅम मिळवला, तेव्हाचा कर्णधार जिम एटकेन धान्याचा व्यापारी होता. हिंगणघाटच्या अडत्यांना हे ऐकून बरं वाटेल. १९९० मध्ये पुन्हा तोच पराक्रम झाला. त्या संघातला गॅरी आर्मस्ट्राँग ट्रक चालवायचा आणि जॉन जेफ्री शेती करायचा. त्यानंतर मात्र स्कॉटलंडला ग्रँड स्लॅम मिळालेला नाही.

हा जेफ्री आपल्या देशाशी वेगळ्याच कारणानं जोडला गेला आहे. इंग्लंड आणि स्कॉटलंड दरवर्षी ज्या चषकासाठी लढतात, त्याचं नाव कलकत्ता कप. १८७२ च्या नाताळात कलकत्त्यात गोऱ्यांनी रग्बीचा सामना भरवला आणि लगोलग क्लबही काढला. काही वर्षांत पलटण बदलून गेली, पोलो आणि टेनिसची हवा आली, आणि सभासद गळाले. उरलेल्यांनी बँकेतली शिल्लक चांदीच्या रुपयांत काढून घेतली, ते रुपये वितळवले आणि भारतीय कारागिरांकडून चषक घडवून घेतला. त्याला तीन नागांच्या मुठी आहेत आणि झाकणावर हत्ती. १८७९ पासून त्यासाठी सामने होतात. १९८८ मध्ये सामन्यानंतरच्या मेजवानीतून जेफ्री आणि इंग्लंडचा डीन रिचर्ड्स हा चषक घेऊन एडिनबऱ्याच्या रस्त्यावर निघाले आणि त्यांनी त्याचा चेंडू केला. चषक चेपला. स्कॉटलंडनं जेफ्रीला काही महिने खेळू दिलं नाही. इंग्लंडनं रिचर्ड्सला आठवडाभराच्या शिक्षेवर सोडलं.

आता आजची व्यवस्था. १९९६ मध्ये स्कॉटलंडनं चार पगारी संघ उभे केले. पैसा पुरेना, म्हणून दोनच वर्षांत चाराचे दोन झाले. २००२ मध्ये बॉर्डर्सचा संघ पुन्हा सुरू केला, तोही २००७ मध्ये बंद पडला. म्हणजे ज्या गिरणीगावांनी खेळ जगवला, त्यांच्याकडं आज एकही पगारी संघ नाही. एडिनबरा आणि ग्लासगो वॉरियर्स हे दोनच उरले. दोन्ही संघ स्कॉटिश रग्बी युनियनच्या, म्हणजे राष्ट्रीय संघटनेच्या मालकीचे. आपल्याकडं क्रिकेट मंडळानं आयपीएलचे संघ स्वतःच चालवावेत, तसा हा प्रकार. याचा फायदा असा की राष्ट्रीय संघाच्या खेळाडूला कधी विश्रांती द्यायची, हे एकच मालक ठरवतो. तोटा असा की त्या मालकाशी बिनसलं तर देशात नोकरीची दुसरी जागा एकच, आणि तीही त्याचीच.

जागा मोजल्या तर दोन्ही संघांचे मिळून शंभराच्या आसपास खेळाडू. देशातल्या पगारी जागा एवढ्याच. राहिलेल्यांनी इंग्लंड किंवा फ्रान्स गाठायचं.

या जागेपर्यंत पोचण्याची सरळ वाट अशी: शाळा किंवा गावचा क्लब, मग वयोगटाचे विभागीय संघ, मग युनियनची अकादमी, वीस वर्षांखालचा राष्ट्रीय संघ आणि शेवटी ग्लासगो किंवा एडिनबऱ्याचा करार. अकादमीत व्यायाम, आहार आणि कौशल्याचं शिक्षण मिळतं, जोडीला कॉलेज चालू असतं. यातला धोक्याचा टप्पा वीस ते तेवीस हा आहे. पोरगा वयोगटातून बाहेर पडलेला असतो, पण पगारी संघात त्याच्यापुढं दोन अनुभवी खेळाडू उभे असतात. खेळायलाच मिळालं नाही तर खेळ वाढणार कसा? ही दरी बुजवण्यासाठी २०१९ मध्ये 'सुपर सिक्स' नावाची अर्धपगारी स्पर्धा काढली होती. नाव आणि रूप बदलत ती २०२४ पर्यंत चालली आणि बंद झाली. माझ्या मते स्कॉटलंडच्या व्यवस्थेतली सगळ्यात कच्ची वीट हीच आहे.

आडवाटेनं येणारेही असतात, आणि सध्याचा स्कॉटलंडचा सगळ्यात नावाजलेला खेळाडू त्यातलाच. फिन रसेल १९९२ चा. शाळा संपल्यावर तो गवंड्याच्या हाताखाली दगड घडवायचं काम करत होता, तेही तीनेक वर्षं. आठवडाभर छिन्नी-हातोडा, शनिवारी फॉल्कर्क आणि मग एअर या क्लबांकडून सामना. २०१२ मध्ये ग्लासगोनं त्याला घेतलं. पुढच्या वर्षी शिष्यवृत्तीवर त्याला न्यूझीलंडला शिकायला पाठवलं, आणि जून २०१४ मध्ये अमेरिकेविरुद्ध तो स्कॉटलंडकडून पहिल्यांदा खेळला. त्याची जागा दहा नंबरची, फ्लाय-हाफची. प्रत्येक डाव कुठल्या दिशेला वळवायचा, ते तो ठरवतो. २०१५ मध्ये त्यानं ग्लासगोबरोबर लीग जिंकली, २०१८ मध्ये पॅरिसच्या रासिंग ९२ कडं गेला, २०२३ मध्ये इंग्लंडच्या बाथकडं आला आणि २०२५ मध्ये बाथनं इंग्लंडची लीग जिंकली. त्याच उन्हाळ्यात ब्रिटन आणि आयर्लंडच्या निवडक खेळाडूंच्या 'लायन्स' संघाकडून ऑस्ट्रेलियात तिन्ही कसोटी सामन्यांत दहा नंबर त्याचाच होता.

परदेशी क्लबात खेळूनही तो देशाकडून कसा खेळू शकतो? इंग्लंड सहसा आपल्याच लीगमधले खेळाडू निवडतं. स्कॉटलंडनं तशी अट घातलेली नाही, कारण दोन संघांच्या देशाला ती परवडणारच नाही. आंतरराष्ट्रीय सामन्यांच्या ठरावीक काळात खेळाडूला सोडणं क्लबांवर जागतिक नियमानं बंधनकारक आहे.

देशाकडून खेळण्याचा हक्कही समजून घेण्यासारखा आहे. जन्म तिथला हवा, किंवा आई-वडील, आजी-आजोबा यांपैकी कोणी तरी तिथलं हवं, किंवा तिथं सलग पाच वर्षं वास्तव्य हवं. ही मुदत आधी तीन वर्षं होती. दक्षिण आफ्रिकेत जन्मलेला डुहान फान डर मर्व्ह २०१७ मध्ये एडिनबऱ्याकडं आला आणि २०२० मध्ये स्कॉटलंडकडून उतरला, तो जुन्या तीन वर्षांच्या हिशेबानं. ऑस्ट्रेलियात वाढलेला सिओने तुइपुलोतू ग्रीनॉक गावच्या आजीमुळं स्कॉटिश ठरला आणि पुढं कर्णधारही झाला. बाहेरून तयार खेळाडू आणले की हॉइकच्या पोराची जागा जाते, अशी कुरकुर तिथं कायम चालू असते. ती खोटी नाही. पण शंभर जागांच्या देशानं जगातल्या अव्वल संघांशी झुंजायचं, तर दुसरा मार्ग काय, याचं उत्तर कुरकुरणाऱ्यांकडंही नाही.

करार साधारण दोन-तीन वर्षांचा असतो. हंगाम सप्टेंबर ते जून. आयर्लंड, वेल्स, स्कॉटलंड, इटली आणि दक्षिण आफ्रिका यांच्या सोळा संघांची युनायटेड रग्बी चॅम्पियनशिप, त्यात प्रत्येकाचे अठरा साखळी सामने. ही स्पर्धा ग्लासगोनं २०२४ मध्ये प्रिटोरियात जाऊन बुल्सला हरवून जिंकली. त्याच्या जोडीला युरोपातली स्पर्धा, नोव्हेंबरातले कसोटी सामने, फेब्रुवारी-मार्चमध्ये सहा देशांची स्पर्धा आणि जुलैत दौरा. करार उन्हाळ्यात संपायचा असेल तर आदल्या हिवाळ्यातच एजंटची फोनाफोनी सुरू होते. नेमक्या त्याच हिवाळ्यात गुडघा गेला तर? तो खेळाडू वाटाघाटीला कुबड्या घेऊनच बसतो.

आठवडा कसा जातो? सामना शनिवारी असेल तर रविवार शरीर मोकळं करण्याचा: पोहणं, मालीश, फिजिओ. सोमवारी आदल्या सामन्याची चित्रफीत, त्यात प्रत्येकाच्या चुका वेगळ्या कापून ठेवलेल्या. मंगळवारी सगळ्यात जड सराव. एक दिवस सुट्टी, बहुधा बुधवारी. शहाणे खेळाडू तो अभ्यासाला किंवा धंद्याच्या शिक्षणाला देतात. गुरुवारी पुन्हा जोर, शुक्रवारी हलकी उजळणी. दोन खांद्यांमध्ये जर्सीच्या आत एक छोटं जीपीएस यंत्र असतं. कोण किती पळाला, किती वेगानं पळाला, सगळं संध्याकाळपर्यंत पडद्यावर येतं. पूर्ण जोराची धडक-पकड मात्र सरावात आठवड्याला पंधरा मिनिटांपेक्षा जास्त करू नये, अशी जागतिक संघटनेची २०२१ पासूनची शिफारस आहे. आपल्याकडं 'जितका मार खाईल तितका पक्का होईल' म्हणणाऱ्या प्रशिक्षकांनी हा आकडा भिंतीवर लिहून ठेवावा.

तो आकडा आला डोक्याच्या दुखापतींमुळं. ग्लासगो विद्यापीठाच्या संशोधकांनी स्कॉटलंडच्या ४१२ माजी आंतरराष्ट्रीय खेळाडूंची तुलना सर्वसामान्य लोकांशी केली आणि २०२२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. मेंदू आणि मज्जासंस्था झिजवणाऱ्या आजारांचा धोका खेळाडूंत सुमारे अडीच पट निघाला. स्नायूंना चालवणाऱ्या चेतापेशी मरत जाण्याच्या आजाराचा, म्हणजे मोटर न्यूरॉन डिसीजचा, धोका तर पंधरा पट; अर्थात तो मुळातच दुर्मीळ असल्यानं त्यातले रुग्ण मोजकेच होते. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात डॉडी वेअर ५२ व्या वर्षी या आजारानं गेला. साडेसहा फूट उंचीचा, ६१ आंतरराष्ट्रीय सामने खेळलेला हा बॉर्डर्सचाच गडी. आजार कळल्यावर त्यानं संशोधनासाठी संस्था काढली आणि मोठा निधी उभा केला. त्याचा आजार रग्बीमुळंच झाला, असं कोणालाही सांगता येत नाही. पण खेळाचे नियम मात्र बदलत गेले. डोक्याला मार लागल्याचा संशय आला की खेळाडूला बाहेर नेऊन तपासतात आणि तपासणीत नापास झाला तर त्या दिवशी परत आत सोडत नाहीत. २०२४ पासून अव्वल दर्जाच्या रग्बीत दातांवरच्या संरक्षक साच्यातच धक्का मोजणारा संवेदक बसवला आहे.

कारकीर्द संपते तेव्हा सत्काराचा सामना फार थोड्यांच्या वाट्याला येतो. बाकीच्यांचा करार फक्त पुढं वाढत नाही. म्हणून आधीपासून जोडून ठेवलेलं काम महत्त्वाचं. प्रॉप जेफ क्रॉस खेळताखेळता डॉक्टर झाला. दुसरा प्रॉप युआन मरे पशुवैद्यक शिकलेला; धर्मश्रद्धेमुळं तो रविवारी खेळायचाच नाही आणि त्यापायी त्यानं देशाचे सामनेही सोडले. स्क्रममध्ये नमवणं कठीण असलेला माणूस दिनदर्शिकेपुढंही नमला नाही.

आता आपल्याकडं येऊ. मुंबईचा बॉम्बे जिमखाना १८७५ पासून आहे आणि तिथं रग्बी जुनी आहे, पण ती वर्षानुवर्षं दक्षिण मुंबईतच राहिली. भारताच्या पुरुष संघाचा पहिला अधिकृत कसोटी सामना १९९८ मध्ये झाला. त्या संघातला अभिनेता राहुल बोस आज राष्ट्रीय संघटनेचा अध्यक्ष आहे. महिलांच्या पंधराजणींच्या संघानं २०१९ मध्ये मनिलात सिंगापूरला २१-१९ असं हरवून पहिला कसोटी विजय मिळवला. भारताचं कर्णधारपद सांभाळलेली पुण्याची वाहबिझ भरूचा व्यवसायानं फिजिओथेरपिस्ट आहे.

भारतात पैसा येतो आहे तो सात जणांच्या रग्बीत, आणि हा प्रकारही बॉर्डर्सचाच. १८८३ मध्ये मेलरोझच्या क्लबाला पैशांची चणचण होती. नेड हेग नावाच्या खाटकानं सुचवलं की सात-सात जणांचे छोटे सामने एका दिवसात उरकू आणि तिकीट लावू. तोच खेळ २०१६ मध्ये ऑलिंपिकला पोचला. जून २०२५ मध्ये मुंबईत अंधेरीला पहिली रग्बी प्रीमियर लीग झाली, सहा संघांची आणि सात जणांच्याच खेळाची. चेन्नई बुल्सनं ती जिंकली. तीत तीस भारतीय खेळाडूंना जागा मिळाली आणि सर्वांत महाग भारतीय खेळाडू, मोहित खत्री, पावणेपाच लाखांना गेला. शेजारी प्रो कबड्डीचा आकडा ठेवा: कोल्हापूर जिल्ह्यातल्या सिद्धार्थ देसाईला २०१९ मध्येच एक कोटी पंचेचाळीस लाख मिळाले होते. कबड्डीला रेल्वे, पोलीस अशा खात्यांच्या नोकऱ्यांचा आधार आहे, तो वेगळाच.

तेव्हा हिशेब सरळ आहे. हिंगणघाटच्या पोरापोरींसाठी पगाराचा खेळ आज कबड्डी आहे. रग्बी आवडीनं खेळावी, राज्य संघापर्यंत मजल मारावी, शासकीय नोकरीतल्या पाच टक्के खेळाडू आरक्षणाचे नियम नीट वाचून प्रमाणपत्रं सांभाळून ठेवावीत आणि पदवी सोडू नये. गावात रग्बी सुरू करायची असेल तर आधी जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात चौकशी करा. आणि क्रीडाशिक्षकांना एक विनंती: सुरुवातीला टॅकल शिकवूच नका. कमरेला दोन फडकी खोचून ती ओढण्याचा खेळ खेळवा, मागं पास द्यायची सवय लावा. टॅकल शिकवायला घ्याल तेव्हा पहिला धडा एकच द्या: पकडणाऱ्याचं डोकं पळणाऱ्याच्या पुढ्यात जाता कामा नये, ते त्याच्या कमरेमागं राहिलं पाहिजे.